गोळी चुलीत टाकू नका, तायांनो

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत, चिखलदरा इथं, आपल्या एका ग्रामसंघाच्या सचिव ताईंनी केलेलं भाषण. बोलल्या तसंच ठेवलं आहे. मधे लाईट गेली तेव्हाच्या गप्पा तेवढ्या काढल्या आहेत.)

तायांनो, आणि मागं भिंतीला टेकून बसलेल्या माझ्या मायांनो. पुढं या ना जरा, जागा आहे.

मला दहा मिनिटं दिली आहेत. जास्त घेईन, आधीच सांगते.

गेल्या आठवड्यात आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत एक ठराव झाला. दारूबंदीचा ठराव होता, त्याच्याच खाली लिहिला. "आपल्या गटांतील कोणतीही महिला यापुढे झोपेची गोळी घेणार नाही. ज्यांच्याकडे गोळ्या आहेत त्यांनी त्या आजपासून बंद कराव्यात." सह्या झाल्या, अंगठे झाले, टाळ्या वाजल्या. सचिव म्हणून तो ठराव माझ्याच हातानं रजिस्टरात उतरवला. दोघींनी घरी जाऊन गोळ्यांचे पत्ते चुलीत टाकले. आता तोच ठराव आज प्रभागसंघापुढं आला आहे, म्हणजे सगळ्या गावांना लागू होणार.

त्या दोघींपैकी एक आज इथं नाही. चौथ्या दिवशी तिचे हात इतके थरथरायला लागले की चहाची बशी धरवेना. झोप नाही, छातीत धडधड, नळाचं पाणी बादलीत पडलं तरी दचकायची. सासू म्हणाली, "आता सोंग करू रायली." आशाताईंना कळलं, त्यांनी तिला दवाखान्यात नेलं. आता बरी आहे. पण ज्या दिवशी ठराव लिहिला त्या दिवशी मी उठून बोलायला पाहिजे होतं. मला माहीत होतं. माझ्यावरून गेलं आहे. तरी गप्प बसले, कारण बोलले असते तर मी पण गोळी घेत होते हे सगळ्यांना कळलं असतं. आज सांगून टाकते.

मी चार वर्षं झोपेची गोळी घेतली.

घरधनी गेले तेव्हाची गोष्ट. दोन लेकरं शाळेत, सोयाबीनचं पीक पावसानं काळं पडलेलं, आणि रात्र झाली की डोळा लागायचा नाही. पहाटे तीनला उठून भांडी घासायची. गाव झोपलेलं आणि माझ्या भांड्यांचा आवाज. शेजारीण म्हणाली, "काहून वं, एवढी सुकली? डॉक्टरले दाखव न एकडाव." खाली बाजाराच्या गावी एका डॉक्टरांकडं गेले. त्यांनी अल्प्राझोलामची गोळी लिहून दिली, रात्री एक, पंधरा दिवस. त्या रात्री मी झोपले, ते कोंबडा आरवेपर्यंत. मला वाटलं, देवच भेटला.

चिठ्ठीवर पंधरा दिवस लिहिलं होतं. पण चिठ्ठी काही पंधरा दिवसांनी फाटत नाही. मी ती लॅमिनेशन करून घेतली! हसा, हसा. राशनकार्डासारखी जपली. मेडिकलवाला ओळखीचा झाला, चिठ्ठी पाहायचंही त्यानं सोडून दिलं. दोन-तीन रुपयांची गोळी. भाजीच्या पिशवीत एक पत्ता टाकून आणायचा. डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं नाही, मी पण गेले नाही. जीपभाडं कोण घालवतं?

सहा महिन्यांत एक गोळी पुरेना. झोप पुन्हा तीनला मोडायला लागली, म्हणून दीड केली. मग दोन. मग दुपारी जीव घाबरायला लागला, हात गार पडायचे. मला वाटायचं, आजार वाढला. तो आजार नव्हता. रात्रीची गोळी उतरायची आणि शरीर पुढची मागायचं. पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. गटाच्या बैठकीत हिशेब सांगताना आकडे विसरायला लागले. एकदा एका ताईचा हप्ता दुसऱ्या ताईच्या नावावर लिहिला, केवढं भांडण झालं! तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. त्याचं कारण आज सांगते आहे.

मग एक दिवस व्यसनमुक्तीचा कार्यक्रम झाला. बोलणारे चांगले बोलले. मी घरी येऊन त्याच रात्री ठरवलं, आजपासून नाही. माझं मन घट्ट आहे, मी काय दारुडी आहे का?

पोळ्याचे दिवस होते. पहिली रात्र जागून काढली. दुसऱ्या दिवशी अंगाला घाम, जबडा आवळलेला, उजेड डोळ्यांत टोचायचा. तिसऱ्या दिवशी, पोळ्याचंच, चुलीवर पुरण शिजत होतं आणि मी खाली पडले. पुढचं मला आठवत नाही. लेक सांगते, डोळे वर गेले, हातपाय झटके द्यायला लागले, तोंडाला फेस. हा डावा हात चुलीच्या कडेला लागला. डाग पाहा, अजून आहे. घरात कोणी म्हणे फेफरं आलं, कोणी म्हणे बाहेरचं लागलं, भुमकाकडं न्या. माझ्या भावानं कोणाचं ऐकलं नाही, गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. तिथल्या बाई डॉक्टरांनी माझी सुजलेली जीभ पाहिली, आणि पहिला प्रश्न विचारला, "कोणती गोळी बंद केली?"

माझा भाऊ म्हणाला, "कोणतीच नाही, ती गोळी-बिळी घेत नाही." त्याला तरी कुठं माहीत होतं?

आता ही गोळी करते काय, ते मला त्या डॉक्टरांनी जसं समजावलं तसं सांगते. आपण सगळ्या घाटातल्या बाया, आपल्याला हे लवकर कळतं. चिखलदऱ्याहून परतवाड्याला उतरताना ड्रायव्हरचा पाय कुठं असतो? ब्रेकवर. आपल्या डोक्यातही तसा एक ब्रेक आहे. भीती, धडधड, विचारांचं चक्र, याला तो आवरतो. तो ब्रेक लागला की झोप येते. ही गोळी काय करते, तर तो ब्रेक आणखी जोरात दाबते. पहिले काही दिवस फार बरं वाटतं. पण रोज दुसराच कोणी पाय दाबतो आहे म्हटल्यावर डोकं आपला पाय ढिला सोडतं. काही आठवड्यांतच सोडायला लागतं. म्हणून गोळी वाढवावी लागते. आणि एक दिवस तो दुसरा पाय एकदम उचलला, तर गाडी भर उतारावर आणि ब्रेकवर कोणीच नाही. थरथर, घाम, जागरण, आणि वाईटात वाईट म्हणजे फिट, ते यातून येतं. त्याचा मनाच्या घट्टपणाशी संबंध नाही. चांगली घट्ट मनाची बाई पण पडते. मी पडले.

डोक्याला आपला पाय ब्रेकवर परत ठेवायला वेळ द्यावा लागतो. आठवडे, महिने. तेवढ्यासाठी गोळी हळूहळू कमी करायची. एवढंच सारं आहे.

हे माझ्या एकटीचं समजू नका. २०१५ च्या सप्टेंबरात तेलंगणात काय झालं ते ऐका. आपल्या नांदेड जिल्ह्याच्या धर्माबाद-बिलोलीच्या पलीकडं निजामाबाद जिल्हा लागतो. तिकडं शिंदी पिणारे पुष्कळ. ती शिंदी झाडाची कमी आणि भेसळीची जास्त, तिच्यात हीच अल्प्राझोलामची भुकटी मिसळत होते. सरकारनं छापे घातले, भेसळ एकदम थांबली. काम चांगलंच केलं. पण काही दिवसांत शेकडो माणसं दवाखान्यात भरती झाली. हात थरथरणं, बरळणं, फिटा, मान वाकडी होणं. काही दगावल्याच्याही बातम्या होत्या. त्या लोकांना माहीतच नव्हतं की आपण वर्षानुवर्षं झोपेची गोळी पितो आहोत. म्हणून म्हणते, बंदी चांगल्या मनानं केली तरी एका झटक्यात केली की असं होतं. आपला ठराव त्याच जातीचा आहे.

आणि दारूचंही ऐकून ठेवा, कारण आपण दारूबंदीवालीच माणसं. जो माणूस रोज सकाळपासून मोहाची पितो, त्याला एका दिवसात कोंडून सोडवायला गेलात तर त्यालाही फिट येऊ शकते, भास होऊ शकतात. त्याची दारू दवाखान्यात सोडवायची. दारू आणि ही गोळी, दोन्ही त्या एकाच ब्रेकवर बसतात. म्हणून दोन्ही एकत्र घेणं तर फारच वाईट, झोपेतच श्वास मंद होतो. गोळी घेणाऱ्या बाईनं सणासुदीला सुद्धा मोहाची तोंडाला लावू नये.

आता मी कशी सुटले ते सांगते. हा माझा हिशेब आहे, तुमचा नाही. तुमचा हिशेब तुमचा डॉक्टर करेल. कोणी इथं कागदावर लिहून घेत असेल तर हे पण लिहा.

फिट आली तेव्हा मी दिवसाला एक मिलिग्रॅम घेत होते, अर्ध्याच्या दोन गोळ्या. दवाखान्यात आधी मला तीच गोळी परत सुरू केली. मला रागच आला. म्हटलं, जिच्यापायी पडले तीच देता? डॉक्टर म्हणाल्या, "बाई, गाडी आधी थांबवू, मग उतरवू." दोन-तीन आठवडे तेवढ्यावरच ठेवलं. मग अमरावतीला सरकारी दवाखान्यात मानसिक आजाराच्या डॉक्टरांकडं पाठवलं. मी म्हटलं, मी येडी नाही. ते म्हणाले, येडे लोक इथं फार कमी येतात, न झोपलेले जास्त येतात.

त्यांनी दर तीन आठवड्यांनी गोळीचा आठवा हिस्सा कमी केला. पावची गोळी लिहून दिली, तिचा अर्धा तुकडा करायचा. पहिला तुकडा कमी केला तेव्हा चार रात्री झोप उडाली, पाचव्या रात्री परत आली. दुसऱ्याला तसंच. तिसऱ्याला काहीच कळलं नाही. मला वाटलं, हे तर सोपं आहे. मी न विचारता एकदम दोन तुकडे कमी केले. आठ दिवसांत पुन्हा हात गार, धडधड. डॉक्टरांकडं रडत गेले. ते रागावले नाहीत. तेव्हा त्यांनी मला जे सांगितलं, ते आपल्या गटाच्या भाषेत सांगते, म्हणजे पक्कं बसेल.

आपण कर्जावर व्याज कसं घेतो? घटत्या शिलकीवर. दहा हजारांतले दोन हजार फेडले की व्याज आठ हजारांवर. गोळीची कपात पण घटत्या शिलकीवरच करायची. एक मिलिग्रॅममधून एक तुकडा काढला तर तो आठवा हिस्सा. पण शेवटी पावच उरलं असताना तोच तुकडा काढला, तर तो अर्धा हिस्सा झाला! तुकडा तेवढाच, डोक्याला धक्का चौपट. म्हणून जसजसं खाली याल तसतसा तुकडा लहान करायचा. बहुतेक बाया वरून पटापट उतरतात आणि शेवटच्या वळणावर पडतात. मग म्हणतात, "मले ते जमत नाई." जमतं. वळण नीट घ्यावं लागतं.

माझी गोळी पाववर आली तेव्हा डॉक्टरांनी ती बदलून डायझेपाम दिली, कारण ती शरीरात जास्त वेळ टिकते, एकदम उतरत नाही, आणि लहान तुकडे करता येतात. पाच मिलिग्रॅमवरून चार, तीन, दोन, एक. जूनमध्ये पेरणीच्या वेळी मी त्यांना म्हटलं, आता कमी करू नका, माझ्यानं होणार नाही. ते म्हणाले, थांबू. सहा आठवडे जिथं होते तिथंच थांबले. वर चढले नाही, खाली पण उतरले नाही. हे थांबणं मला कोणी आधी सांगितलं असतं तर! घाटात गाडी बाजूला लावून चहा घेणाऱ्याला कोणी हरला म्हणत नाही.

सुरुवात केली होती सोयाबीन निघाल्यावर, संपलं पुढच्या दसऱ्याच्या सुमारास. अकरा महिने. चार वर्षांच्या गोळीला अकरा महिने.

विलायतेत न्यूकॅसल म्हणून एक शहर आहे, तिथं हेदर ॲश्टन नावाच्या डॉक्टर बाईंनी १९८२ ते १९९४, बारा वर्षं, फक्त ह्या गोळ्या सोडवायचा दवाखाना चालवला. अशा गोळ्या तिकडं १९६० पासून बाजारात आल्या होत्या, आणि घेणाऱ्यांत तिकडंही बायाच जास्त. ॲश्टनबाईंनी पेशंटचं ऐकून ऐकून लिहून ठेवलं की हळू कमी करा, आणि वेग पेशंटच्या हातात ठेवा, डॉक्टरच्या घाईवर नाही. २०१९ मध्ये त्या वारल्या. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनांनी मिळून नियम काढले, त्यातही तेच: साधारण दोन ते चार आठवड्यांनी शंभरातले पाच ते दहा भाग कमी करायचे, दोन आठवड्यांत पाव हिश्श्याच्या वर सहसा नाही, आणि ज्याचं शरीर लागलेलं आहे त्याची गोळी एकदम तोडायची नाही. न्यूकॅसलच्या बाईनं जे सांगितलं ते मोठ्या संघटनांच्या कागदावर यायला किती वर्षं लागली ते मोजा.

आता मेडिकलवाल्याची बाजू. आपल्या देशात १ मार्च २०१४ पासून एच-वन नावाची एक यादी लागू आहे. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ह्या गोळ्या त्यात आहेत. पत्त्यावर लाल चौकट असते, चिठ्ठीशिवाय देऊ नये असं लिहिलेलं. दुकानदारानं डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या दिल्या ते वेगळ्या रजिस्टरात लिहून तीन वर्षं ठेवायचं असतं. घरी जाऊन आपल्या पत्त्यावर लाल चौकट आहे का ते पाहा. वाचता येत नसेल तर लेकीला पाहायला सांगा. आणि शेजारणीला आपली गोळी देऊ नका. "मले फरक पडला, तू पण घे" म्हणून आपणच एकमेकींना लावून देतो. माझ्याकडूनही दोघींना गेल्या आहेत, कबूल करते.

काही जणींसाठी वेगळं सांगायचं आहे, नीट ऐका. घरात कोणाला मिरगीसाठी, म्हणजे फिटांसाठी गोळी चालू असेल, तर माझं हे भाषण त्यांच्यासाठी नाही. त्यांनी एक तुकडाही आपल्या मनानं कमी करायचा नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या पण नाही. दिवस गेले असतील आणि गोळी चालू असेल तर एकदम बंद करू नका, लगेच दवाखान्यात सांगा. म्हाताऱ्या मायांना ही गोळी चालू असेल तर रात्री लघवीला उठताना सोबत कोणी असू द्या. गुंगीत पडतात आणि खुब्याचं हाड मोडतं. त्यांची पण कमी करायचीच, पण आणखी हळू. आणि कमी करताना कोणाला फिट आली, भास व्हायला लागले, माणसं ओळखू येईनात, किंवा जीव द्यायचे विचार आले, तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

झोपेचं म्हणाल तर ती परत येते, पण रुसलेल्या सुनेसारखी, एकदम नाही. रात्री कितीही जाग आली तरी सकाळी एकाच वेळी उठायचं, हे मला सगळ्यात जास्त कामाला आलं. दुपारी लोळायचं नाही. दुपारी चारनंतर चहा बंद, आणि आपल्या चिखलदऱ्याची कॉफी तर नाहीच, पाहुणे कितीही आग्रह करोत. रात्री दोनला जाग आली तर कूस बदलत पडायचं नाही. उठून बसायचं, डोळे जड झाले की परत आडवं. एक-दोन रात्री झोप नाही आली तर माणूस मरत नाही, हे मी स्वतःला मोठ्यानं सांगायचे. सर्दीच्या गोळीनं झोप येते म्हणून ती घेऊ नका. एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात.

पण झोप का गेली होती, ते तसंच राहिलं तर? माझं दुःख गोळीखाली झाकून ठेवलं होतं. गोळी कमी व्हायला लागली तसं ते वर आलं. चार वर्षांनी मी घरधन्यांसाठी रडले, तेव्हा लोक म्हणाले, आता काहून रडते? त्या दिवसांत मला आपल्या गटातल्या एका ताईनं सांभाळलं. ती काही शिकलेली नाही. रोज संध्याकाळी यायची, निवडायला तांदूळ घेऊन बसायची, आणि विचारायची, "आज किती?" म्हणजे किती तुकडे. मी सांगायचे. ती मान डोलावायची. बस्स. आपल्याच अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' नावाचा एक प्रकल्प झाला होता. त्यात गावपातळीवर शिकवून तयार केलेली माणसं घरोघरी जाऊन उदासीच्या त्रासाबद्दल बोलायची. आधी असा त्रास असणाऱ्या शंभरांतले जेमतेम चार जण मदत मागायचे, दीड वर्षात सत्तावीस मागायला लागले. बोलायला माणूस मिळालं की लोक बोलतात.

मग आपण गटानं काय करायचं? बैठकीत नावं वाचायची नाहीत. 'गोळीवाली' म्हणायचं नाही. जी सांगेल तिला आशाताई किंवा उपकेंद्रातल्या सीएचओ ताईंकडं न्यायचं, आणि तिथून ग्रामीण रुग्णालयात, गरज पडली तर अमरावतीला. जाताना रिकामे पत्ते, जुन्या चिठ्ठ्या सोबत न्यायच्या आणि खरा आकडा सांगायचा. दोन घेत असाल तर दोन सांगा, लाजून एक सांगाल तर डॉक्टरांचा पहिलाच हिशेब चुकेल. जीपभाड्यासाठी आपल्या गटाच्या आरोग्य निधीतून देता येईल का, तेही आज बोलून घेऊ. मला तर वाटतं ह्या निधीचा याहून चांगला उपयोग नाही. आणि १४४१६ हा नंबर लिहून घ्या. टेली-मानस म्हणतात, २०२२ पासून आहे, पैसे लागत नाहीत, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. आमच्याकडं रेंज गावात नाही, टेकडीवर जावं लागतं. पण दोघी मिळून गेलं तर टेकडीवरही बोलता येतं.

एक वही ठेवा. गटाचं रजिस्टर नाही, आपली साधी वही. तारीख, किती गोळी, झोप कशी. लिहिता येत नसेल तर तुकड्याचं चित्र काढा. माझ्या वहीत पहिल्या पानांवर निरे गोल काढलेले आहेत, मग अर्धे गोल, मग पाव, मग नुसते ठिपके. डॉक्टरांनी ती वही त्यांच्या साहेबांना दाखवायला ठेवून घेतली होती, मोठ्या मुश्किलीनं परत आणली.

आता ठरावाचं. अध्यक्षताई, रजिस्टर माझ्यासमोरच आहे. मी सुचवते की "बंद कराव्यात" हे खोडून तिथं असं लिहावं: "डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी कराव्यात, आणि त्यासाठी गट सोबत राहील." पहिली ओळ पूर्णच काढावी. ज्या दुसऱ्या ताईनं पत्ते चुलीत टाकले, ती इथंच बसली आहे. तिला मी सभेआधी विचारलं, तिला त्रास नाही, ती महिन्यातून दोन-चारदाच घ्यायची. तरी तिला उद्या दवाखान्यात दाखवून आणते.

अनुमोदन कोण देतं? हात वर करा. मागच्या मायांनो, तुम्ही पण.